गुरुवारी बरं वाटतं

भोसरीच्या एमआयडीसीतला रविवार गुरुवारी असतो. विजेचा भार सगळीकडे एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्ट्या कधीकाळी वाटून दिल्या गेल्या. पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला, कोल्हापूरकडच्या कारखान्यांच्या वाट्याला सोमवार. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण दम्याचा पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरला हे ठाऊक नसलं तर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या इमारतीत एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. वय बेचाळीस, एका टूलरूममध्ये ग्राइंडर. तीन वर्षांपूर्वी त्यांना खोकला सुरू झाला, मग रात्री धाप लागू लागली, मग छातीत घरघर. लहानपणी दमा नव्हता, घरात कुणाला नाही. डॉक्टरांनी योग्य तो प्रश्न विचारला होता, "सुट्टीच्या दिवशी, रविवारी, बरं वाटतं का?" भाऊंनी खरं ते सांगितलं, "नाही डॉक्टर, रविवारी तर जास्तच होतं." कागदावर नोंद झाली की त्रासाचा कामाशी संबंध दिसत नाही. दम्याचा पंप सुरू झाला. रविवारी भाऊ मशीनवर उभे असतात, ही गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी जिन्यात भेटले असताना ते सहज म्हणाले, "गुरुवारी मात्र बरं वाटतं." ते गुरुवारी दत्ताच्या देवळात जातात, उपास करतात. गुण त्या उपासाचा आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला त्या एका वाक्यानं हा सगळा विषय वाचायला बसवलं.

ॲलर्जी म्हटलं की आपल्याला धूळ, परागकण, मांजराचे केस आठवतात. धातूची ॲलर्जी म्हटलं की खोटे कानातले घालून चिघळलेले कान. धातूमुळे दमा होऊ शकतो हे सहसा मनात येत नाही. प्रौढ वयात सुरू होणाऱ्या दम्यात साधारण सहांपैकी एका रुग्णाच्या मागे कामाची जागा असते, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यात मोठा वाटा बेकरीतलं पीठ, रंगकामातले आयसोसायनेट, लाकडाचा भुसा यांचा. धातूंचा वाटा लहान आहे. पण ज्या पट्ट्यात दर दुसऱ्या गल्लीत ग्राइंडिंग, प्लेटिंग आणि वेल्डिंग चालतं, तिथे हा लहान वाटा आपल्या शेजारी राहत असतो.

भाऊंच्या शेडमध्ये मी एकदा गेलो होतो. त्यांचं काम कार्बाइडच्या कटरला धार लावण्याचं. शॉपफ्लोअरवर या कार्बाइडला अजून 'विडिया' म्हणतात. हे नाव जर्मनीतून आलं. विजेच्या दिव्यातली टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याचे साचे लागत, ते फार महाग पडत. त्यांना पर्याय शोधताना ओसराम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ च्या सुमारास टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधून एक नवाच कठीण पदार्थ तयार केला. क्रुप कंपनीनं तो 'विडिया' या नावानं बाजारात आणला. 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या जर्मन शब्दांची ती जोड आहे. टंगस्टन कार्बाइडचे कण म्हणजे शेंगदाण्याचा कूट धरला, तर कोबाल्ट म्हणजे त्याचा लाडू वळणारा गूळ. चौदा-पंधराशे अंश तापमानाला कोबाल्ट वितळतो आणि कणांना एकजीव करतो. कटरच्या टिपेत कोबाल्टचं प्रमाण साधारण पाच ते पंचवीस टक्के.

या लाडवाला धार लावायची तर हिऱ्याचं चाक लागतं. भाऊ कटर हातात घेऊन चाकाला अगदी अलगद टेकवतात, आवाज बारीक शिट्टीसारखा येतो, आणि वरून दुधी कूलंटची धार पडत राहते. जिथे चाक आणि टिप भेटतात तिथे कूलंटचं धुकं उठतं. भाऊंचा चेहरा त्या धुक्यापासून वीतभर अंतरावर असतो, कारण धार डोळ्यांनी पाहावी लागते. चाकाच्या गार्डवर राखाडी लगदा साचलेला. तोच रंग त्यांच्या बाहीवर आणि भुवयांवर. कूलंट असल्यामुळे धूळ उडत नाही, म्हणून सगळ्यांना ते काम सुरक्षित वाटतं. पण कोबाल्ट त्या कूलंटमध्ये विरघळतो. तेच कूलंट पंपानं फिरून फिरून येतं आणि दर फेरीला त्यातला कोबाल्ट वाढतो. जुन्या कूलंटचं धुकं म्हणजे विरघळलेल्या कोबाल्टचा फवारा. पाळी संपली की पोरं एअर गननं एकमेकांचे कपडे झटकतात. दिवसभर खाली बसलेली वाळकी भुकटी त्या एका मिनिटात नाकाच्या उंचीवर येते.

आता हे शरीरात गेल्यावर होतं काय? धातूचा अणू इतका लहान की आपल्या प्रतिकारयंत्रणेला तो एकटा ओळखताच येत नाही. पण कोबाल्ट, निकेल किंवा प्लॅटिनमचा क्षार श्वासनलिकेच्या ओलाव्यात विरघळला की तो आपल्याच प्रथिनांना चिकटतो. रक्तातलं अल्ब्युमिन हे त्यातलं मुख्य. धातू चिकटल्यावर त्या प्रथिनाचं रूप बदलतं आणि यंत्रणा घरच्या माणसाला परका समजते. दुसऱ्याच्या आधारानं ॲलर्जी घडवणाऱ्या अशा लहान रेणूला हॅप्टेन म्हणतात. मग आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि श्वासनलिकेच्या भिंतीतल्या मास्ट पेशींवर दबा धरून बसतात. पुढच्या वेळी तोच धातू आला की या पेशी फुटतात, हिस्टामिन आणि त्याचे भाऊबंद बाहेर पडतात, नलिकेचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं. धातूंच्या बाबतीत हा आयजीईचा मार्ग प्लॅटिनममध्ये सर्वांत स्वच्छ दिसतो. कोबाल्ट आणि निकेलच्या काही रुग्णांत तो सापडतो, काहींत सापडत नाही.

कानातल्यांची ॲलर्जी हा वेगळा प्रकार. तिथे प्रतिपिंडं नसतात, टी-पेशी असतात, आणि त्वचा चिघळायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून ज्या मुलीचा कान निकेलच्या कुड्यांनी लाल होतो, तिला त्या कुड्यांमुळे दमा होत नाही. दम्यासाठी धातू श्वासावाटे आत जावा लागतो.

या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे, आणि कारखान्यात सर्वांत जास्त गैरसमज तिच्याबद्दलच होतो. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. शरीराला ओळख पटायला काही आठवडे, काही महिने, कधी कित्येक वर्षं लागतात. "पंधरा वर्षं हेच काम करतोय, तेव्हा नाही झालं, आताच कसं?" हा प्रश्न भाऊंनीही विचारला होता. ॲलर्जी अशीच येते. पंधरा वर्षं काही न होणं हा तिच्याविरुद्धचा पुरावा नाही.

धातूच्या दम्याची सर्वांत नीट नोंदलेली गोष्ट प्लॅटिनमची आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते. सराफाच्या काचेमागची प्लॅटिनमची अंगठी निरुपद्रवी. जन्मभर बोटात ठेवा, काही होणार नाही. पण ते प्लॅटिनम शुद्ध करण्याची वाट पाहा. धातू अम्लराजात विरघळवतात. त्या द्रावणात नवसागर घालतात. नवसागर म्हणजे कल्हईवाल्याजवळची तीच पांढरी पूड, जी तापल्या भांड्यात टाकली की धुराचा लोट उठतो. नवसागर पडला की तळाशी पिवळाधमक साका बसतो. तो वाळवला की पिठासारखी भुकटी होते, आणि ती तापवली की राखाडी, सच्छिद्र प्लॅटिनम उरतं. यातला सगळा धोका त्या मधल्या पिवळ्या टप्प्यात आहे. त्या क्षारात प्लॅटिनमच्या अणूभोवती क्लोरीन बसलेला असतो. तो सहज जागा सोडतो आणि त्याच्या जागी आपलं प्रथिन येऊन बसतं. अंगठीतल्या धातूला असली मोकळी जागाच नसते.

याची पहिली खूण रिफायनरीत सापडली नाही, फोटोच्या कारखान्यांत सापडली. एके काळी छायाचित्रं प्लॅटिनमच्या क्षाराचा लेप दिलेल्या कागदावर छापत. १९११ साली शिकागोत अशा ठिकाणी काम करणाऱ्या ४० जणांपैकी ८ जणांना शिंका, खोकला आणि श्वासाचा त्रास होत असल्याची नोंद झाली. मग १९४५ मध्ये डोनाल्ड हंटर, मिल्टन आणि पेरी या तिघांनी ब्रिटनमधल्या चार प्लॅटिनम रिफायनऱ्या तपासल्या. ९१ कामगारांपैकी ५२ जणांना त्रास होता. अर्ध्याहून जास्त! नाक वाहणं, शिंकांचा सपाटा, छाती आवळणं, घरघर. जे कामगार नुसता धातू हाताळत होते त्यांना हा त्रास नव्हता, आणि याच फरकावरून दोष क्षाराचा आहे हे ठरलं.

पुढे विद्राव्य प्लॅटिनम क्षारांसाठी हवेतली मर्यादा अनेक देशांनी घातली, ती घनमीटरला २ मायक्रोग्रॅम. आठ तासांच्या पाळीत माणूस साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे मर्यादा काटेकोर पाळली तरी दिवसाला वीस मायक्रोग्रॅम. आपल्या ताटातल्या मिठाचा एक कण याहून जड असतो. ज्याला ॲलर्जी जडली आहे त्याच्या त्वचेवर क्षाराचं अतिविरळ द्रावण टोचून तपासतात. एका मिलिलिटरमध्ये ग्रॅमचा अब्जावा भाग, एवढ्यानंही काहींच्या हातावर गांध उठते. अशा माणसाला "मास्क लाव आणि कर काम" म्हणणं म्हणजे त्याला समजूनच न घेणं.

प्लॅटिनमच्या कारखान्यांनी मग रक्ताच्या चाचण्यांआधी ही टोचणी-चाचणीच कामाला लावली. ठरावीक काळानं प्रत्येकाची चाचणी करायची, गांध उठली की त्या माणसाला क्षारापासून लगेच दूर न्यायचं, दम्याची वाट पाहायची नाही. त्यातून एक महत्त्वाचा धागा हाती लागला. सिगारेट ओढणाऱ्यांना ही ॲलर्जी न ओढणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. १९८९ च्या ब्रिटिश अभ्यासात हे प्रमाण चार-पाच पट होतं, १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रिफायनरीत सुमारे आठ पट. धुरानं श्वासनलिकेचं अस्तर सैल होतं आणि क्षाराला आत शिरायला वाट मिळते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

आणखी एक गोष्ट प्लॅटिनमनं दाखवली. १९७० च्या दशकात मोटारींचा धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि प्लॅटिनमचे क्षार वापरणाऱ्या कामगारांची संख्या वाढली. त्यातल्या काही ठिकाणी क्लोरीन बांधलेल्या क्षाराऐवजी असा क्षार वापरला, ज्यात प्लॅटिनमला अमोनियाचे चार रेणू घट्ट धरून बसलेले असतात. ते जागा सोडत नाहीत, त्यामुळे प्रथिनाला चिकटायला वाव राहत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या वैद्यकीय नोंदींत, फक्त या क्षाराशी काम करणाऱ्यांमध्ये ॲलर्जी दिसली नाही.  फरक होता तो पदार्थाचा.

कोबाल्टचा पुरावा इतका सरळ हाती आला नाही. कार्बाइडच्या कामगारांच्या फुफ्फुसाचा विकार जर्मनीत १९४० सालीच नोंदला गेला, पण तो दम्याहून वेगळा, फुफ्फुस आतून कडक करत नेणारा. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली अवाढव्य पेशी दिसतात, आपल्याच शेजारच्या पेशी गिळून फुगलेल्या. दोष टंगस्टनचा की कोबाल्टचा, हा वाद बराच काळ चालला. तो बऱ्याच अंशी बेल्जियममध्ये मिटला. तिथले हिऱ्याला पैलू पाडणारे कारागीर १९८० च्या दशकात नव्या प्रकारच्या चकत्या वापरू लागले होते. सूक्ष्म हिऱ्यांचे कण कोबाल्टमध्ये बसवलेल्या त्या चकत्यांत टंगस्टन नव्हतंच. तरीही १९८४-८५ च्या सुमारास काही कारागिरांत तोच फुफ्फुसाचा विकार आणि काहींत कोबाल्टचा दमा सापडला. १९८६ मध्ये जपानमधल्या एका कार्बाइड कारखान्यातल्या ३१९ कामगारांच्या पाहणीत १८ जणांना कामामुळे झालेला दमा होता. म्हणजे शंभरात पाच-सहा जण. भाऊंच्या शेडमध्ये बावीस माणसं आहेत, म्हणजे तिथे एखाद-दुसरा. हे गणित मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग तो आमचा दुसरा कोण असेल?"

निकेल आणि क्रोमचं घर म्हणजे प्लेटिंगची शेड. निकेलचा हौद हिरवागार, पन्नास-साठ अंशांना गरम ठेवलेला, खालून हवा सोडून ढवळलेला. क्रोमचा हौद गडद तांबूस. क्रोमच्या हौदात वीज मोठ्या प्रमाणात वाया जाते. वापरलेल्या विजेचा फार थोडा भाग धातू बसवायला लागतो आणि उरलेल्यातून मुख्यतः हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. प्रत्येक बुडबुडा पृष्ठावर फुटताना क्रोमिक आम्लाचा थेंब हवेत फेकतो. दिवसभर हौदाशी वाकून जॉब सोडणाऱ्या-काढणाऱ्या माणसाच्या नाकात हे थेंब जातात, आणि वर्षानुवर्षं असं झालं की नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं. ते दुखत नाही, म्हणून अनेकांना ते पडल्याचंही कळत नाही. हा जळण्याचा परिणाम, ॲलर्जीचा नव्हे. पण निकेल आणि क्रोम या दोन्हींमुळे ॲलर्जीचा दमाही होतो, आणि स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरात हे दोघे एकत्र असतात.

इथे एक घोळ टाळायला हवा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग केल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, सकाळी उतरतो. वेल्डरांना तो चांगला माहीत असतो आणि त्यावर दूध प्यायची पद्धत आहे. तो जस्ताच्या धुराचा ताप. तो सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त असतो आणि आठवडाभरात शरीर सरावतं. ॲलर्जीच्या दम्याची चाल अगदी उलटी. सुट्टीनंतरचा पहिला दिवस बरा जातो आणि आठवडा सरकेल तसा त्रास वाढत जातो. दूध काय किंवा धुळीच्या कामावर वाटला जाणारा गूळ काय, पोटात जातो. श्वासनलिकेची वाट वेगळी आहे. खाऊ नये असं नाही, पण त्यावर विसंबून एक्झॉस्ट बंद ठेवू नये.

वेळेचा आणखी एक चकवा आहे. काहींना मशीनशी उभं राहिल्यावर तासाभरात त्रास सुरू होतो. तो ओळखणं सोपं. पण अनेकांना चार ते आठ तासांनी होतो. सकाळच्या पाळीचा माणूस तीनला घरी येतो, बरा असतो, आणि रात्री अकराला उठून बसतो. मग दोष घराला जातो. भाऊंच्या घरी वहिनींनी आधी दही बंद केलं, मग केळी, मग चिंच. पंखा बंद करून मे महिना काढला. उदबत्ती बंद झाली. मुलीनं आणलेलं मांजराचं पिल्लू परत दिलं गेलं, ती दोन दिवस जेवली नाही. या सगळ्यात कुणाची चूक नव्हती. धाप घरात लागत होती, म्हणून कारण घरात शोधलं.

हे सोडवणारं साधन हजार रुपयांच्या आत मिळतं. पीक फ्लो मीटर म्हणजे प्लास्टिकची एक नळी. पूर्ण श्वास घ्यायचा, जोरात फुंकायचं, काटा किती पुढे गेला ते वाचायचं. मार्टिन राइट यांनी वेल्समध्ये कोळसा खाणकामगारांच्या फुफ्फुसांवर काम करताना हे यंत्र घडवलं आणि १९५९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे त्याचा जन्मच कामगारांसाठी झालेला. दिवसातून निदान चार वेळा, जमलं तर दर दोन तासांनी, जागं असेपर्यंत फुंकायचं. प्रत्येक वेळी तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. शेजारी वेळ, पाळी, त्या दिवशी केलेलं काम, घेतलेलं औषध. कामाचे दोन-तीन आठवडे आणि सुट्टीचे निदान काही दिवस. नंतर हे आकडे आलेखावर मांडले की कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळे दिसू लागतात.

भाऊंनी मुलीच्या जुन्या गणिताच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहिलं. शुक्रवारी संध्याकाळी ४२०. शनिवारी ४००. मग उतरत उतरत बुधवारी रात्री ३४०. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा ३९०. दिवाळीत नऊ दिवस गावी गेले तिथे शेवटच्या तीन दिवसांत ४६० च्या खाली एकदाही नाही, आणि त्या काळात पंपही जवळजवळ घेतला नव्हता. नव्या डॉक्टर बाईंनी वही पाहिली, चष्मा काढला आणि विचारलं, "तुमच्याकडे सुट्टी कधी असते?"

इटलीतल्या मोदेनाचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. हिपोक्रॅटिसच्या काळापासून वैद्य रुग्णाला जे प्रश्न विचारत आले, त्यांत त्यांनी एकाची भर घातली: तू काम काय करतोस? तीनशे वर्षांनी आपल्या ओपीडीच्या गर्दीत हा प्रश्न बहुधा विचारला जातो, पण उत्तराच्या जागी 'नोकरी' किंवा 'कंपनीत' एवढंच लिहिलं जातं. 'कंपनीत' म्हणजे काय? ऑफिसात बसून बिलं करतो की कार्बाइडला धार लावतो? दुसरा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं.

पुढच्या तपासण्या तज्ज्ञांच्या. स्पायरोमेट्री, श्वासनलिका किती चिडखोर झाली आहे याची चाचणी, त्वचेवरची टोचणी. संशयित पदार्थच रुग्णालयात अगदी बारीक मात्रेत हुंगवून पाहण्याची चाचणी निर्णायक मानतात, पण ती मोजक्या केंद्रांत होते आणि डॉक्टर जवळ उभे असल्याशिवाय कधीच करत नाहीत. घरी किंवा शेडमध्ये 'करून बघू' म्हणणं जिवावर बेतू शकतं.

उपचारांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पंपांनी श्वासनलिका उघडते, सूज उतरते, ते घ्यायलाच हवेत. पण कारण तसंच ठेवून पंप वाढवत नेले तर दमा मुरतो. ॲलर्जी जडल्यानंतर किती लवकर त्या धातूपासून सुटका होते, यावर पुढचं बरंच ठरतं. संपर्क पूर्ण तुटल्यावरही साधारण एक तृतीयांश रुग्णच लक्षणांतून पूर्ण मुक्त होतात, असं जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. उरलेल्यांना कमी-जास्त दमा राहतो. म्हणून भाऊंची ती तीन वर्षं मला फार लागतात.

आणि काम सोडा हे म्हणणं सोपं आहे. पंधरा वर्षांचा हात, धार डोळ्यांनी ओळखण्याचं कसब, त्यावर मिळणारा पगार, घराचा हप्ता. टूल ग्राइंडर दुसरीकडे गेला तरी ग्राइंडिंगलाच जातो. कायद्यानं काही आधार दिला आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कामातल्या ॲलर्जीकारक पदार्थांमुळे होणारा दमा आहे, कठीण धातूंमुळे होणारे फुफ्फुसाचे विकार आहेत, आणि कामगार राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) यादीतही ते आहेत. पण दहाहून कमी माणसांच्या शेडला ईएसआय सहसा लागू नसतं, ठेकेदाराच्या माणसाकडे नोकरीचा कागद नसतो, आणि पुरावा म्हणून जे लागतं ते त्या वहीसारखं काहीतरी असतं, जे कुणी ठेवलेलं नसतं.

मालक मंडळींकडून मी एक वाक्य ऐकलं आहे, "ज्यांना सोसत नाही त्यांना घेऊच नये." मला हे मान्य नाही. आज कुणाला सोसतं आणि उद्या कुणाला सोसणार नाही, हे आधी ओळखण्याची खात्रीची चाचणी नाही. भाऊंना पंधरा वर्षं सोसलं होतं. सुधारायची ती शेडची हवा. चाकाच्या अगदी जवळ तोंड असलेला एक्झॉस्ट, धुकं अडवणारं झाकण, ठरल्या दिवशी बदललेलं कूलंट, एअर गनऐवजी व्हॅक्यूम, झाडूऐवजी ओलं पुसणं, क्रोमच्या हौदाच्या काठाला हवा ओढणाऱ्या फटी आणि पृष्ठावर तरंगते प्लास्टिकचे चेंडू. यातलं काहीही परदेशातून मागवावं लागत नाही. चाकणपासून गोकुळ शिरगावपर्यंत हे बनवणारे फॅब्रिकेटर आहेत. नाकावर बांधलेला रुमाल कूलंटचं धुकं अडवत नाही. योग्य मास्कही या सगळ्यानंतरची शेवटची गोष्ट.

भाऊ आता स्टोअरमध्ये आहेत. पगार थोडा कमी झाला, ओव्हरटाइम गेला. तिसऱ्या महिन्यात रात्रीचा खोकला थांबला. दही परत सुरू झालं, गुरुवारचा उपास चालूच आहे. वहीत मात्र एक विचित्र गोष्ट दिसत राहिली: सकाळी आल्यावर साडेसातला आकडा पडायचा आणि दहापर्यंत सावरायचा. डॉक्टर बाईंनी पुन्हा खोदून विचारलं तेव्हा कळलं, हजेरीचं पंचिंग मशीन ग्राइंडिंग सेक्शनच्या दारातच लावलेलं आहे. दोन मिनिटं रांगेत उभं राहावं लागतं, तेवढंच. मागच्या आठवड्यात भाऊंनी सुपरवायझरकडे अर्ज दिला. एका ओळीचा. मशीन मागच्या दाराशी हलवावं.